धातुभक्षक पाताळवासी : प्रवाद आणि वस्तुस्थिती

प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका पत्करावी, फासे टाकून त्या पात्राचे भवितव्य ठरवावे आणि परस्परांशी बोलत बोलत एक अद्भुत कथा रचीत जावे, असा जो क्रीडाप्रकार १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने प्रसिद्ध केला, त्याच्या अंधाऱ्या भुयारांतून वावरणाऱ्या विचित्र जीवसृष्टीत धातू आणि रत्ने खाऊन जगणाऱ्या प्राण्यांचे स्थान फार जुने आहे. परंतु या प्राण्यांचा उगम, त्यांचा आहार आणि असा आहार करणाऱ्या सजीवाची शक्याशक्यता या तिन्ही बाबतींत खेळाच्या जाणकारांतही काही प्रवाद इतके रूढ झाले आहेत, की नव्याने असा प्राणी कल्पू पाहणाऱ्याने त्यांची छाननी केल्यावाचून पुढे जाऊ नये असे मला वाटते.

पहिला प्रवाद उगमासंबंधीचा आहे. धातू खाणारा हा राक्षस युरोपातील खाणकामगारांच्या दंतकथांतून आला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध प्राणी जो ‘रस्ट मॉन्स्टर’, त्याचे मूळ स्वस्त वस्तूंच्या दुकानात मिळालेल्या, हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांत आहे. ‘प्रागैतिहासिक प्राणी’ म्हणून विकली जाणारी ही बेढब खेळणी कोणत्याही ज्ञात प्राण्याशी जुळत नव्हती, आणि म्हणूनच गायगॅक्सने त्यांना नावे आणि स्वभाव बहाल केले. त्यांतल्या चार पायांच्या, कवचधारी आणि शेपटीच्या टोकाला चमत्कारिक पाते असलेल्या खेळण्याचा १९७५ साली ‘ग्रेहॉक’ या पुरवणी ग्रंथात गंज चढवणारा प्राणी झाला. एका निरर्थक आकृतीकडे पाहून तिचा आहार आणि स्वभाव ठरवणारी ही प्रतिभा दंतकथेच्या अनुकरणापेक्षा निश्चितच श्रेष्ठ प्रतीची आहे.

दंतकथांचे दप्तर चाळले तर उलटाच दाखला मिळतो. जर्मन भूमीतील खाणींचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या गिओर्गियस अॅग्रिकोला या वैद्याने १५४९ साली भूमिगत प्राण्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात खाणीतल्या पिशाचांचेही वर्णन आहे. परंतु ती खाणकामगारांचा वेष करतात, खणण्याचा, टोपल्या भरण्याचा, रहाट फिरवण्याचा आविर्भाव आणतात आणि प्रत्यक्षात काहीच करीत नाहीत. खनिज खाण्याचा त्यांच्यावर आरोप नाही. आपल्याकडचा गुप्तधनावर बसलेला नागसुद्धा त्या धनाचा राखणदारच असतो, भक्षक कधीच नसतो. भूगर्भातील संपत्ती हेच ज्याचे अन्न, असा प्राणी ही मुख्यतः अर्वाचीन कल्पना आहे.

दुसरा प्रवाद असा, की हे प्राणी हिंस्र नरभक्षक आहेत. रस्ट मॉन्स्टरला माणसाच्या मांसाशी कर्तव्य नसते. त्याच्या मिशांसारख्या शृंगिकांचा स्पर्श होताच लोखंड गंजते आणि तो गंज तो खातो. त्यामुळे खिशातले लोखंडी खिळे त्याच्यापुढे फेकून पळ काढणे ही अनुभवी खेळाडूंची जुनीच युक्ती आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे मंत्ररहित लोखंडी शस्त्राने त्याच्यावर यशस्वी घाव घातला, की दर घावाला शस्त्राने होणारी इजा एकाने घटते आणि घट पाचावर पोचली की शस्त्र नष्ट होते. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये अवतरलेला ‘झॉर्न’ हा तीन हात, तीन पाय आणि माथ्यावर मुख असलेला पृथ्वीतत्त्वाचा रहिवासी, त्याचीही कैफियत अशीच आहे. त्याला मांस पचतच नाही. त्याला ओढ असते ती प्रवाशांच्या थैलीतील नाण्यांची आणि रत्नांची. शिवाय तो बोगदे खणीत हिंडतो हाही गैरसमजच होय, कारण खडकातून जाताना तो मागे पोकळी ठेवीत नाही. म्हणून त्याचा माग काढीत त्याच्या बिळात शिरण्याचे प्रसंग जे रचतात, ते नियमांच्या विरुद्ध जातात.

आता ज्याविषयी सर्वांत अधिक गोंधळ आहे त्या मुद्द्याकडे वळतो. खनिज खाऊन जगणे ही निव्वळ कविकल्पना आहे, असे एक पक्ष म्हणतो. आणि लोहखनिजाचे डोंगर फस्त करणारा राक्षस दुसरा पक्ष बिनदिक्कत रंगवतो. दोघांचेही चुकते. अन्नातून मिळणारी शक्ती पदार्थात नुसती साठलेली नसते, ती रासायनिक परिवर्तनातून मुक्त होते. आणि गोव्यातील डिचोलीच्या खाणींतून निघणारे लाल हेमॅटाइट म्हणजे प्राणवायूशी आधीच पूर्णपणे संयोग पावलेले लोखंड असल्यामुळे, ते पुन्हा जाळून काहीही हाती लागत नाही. गंजाचेही तेच. याचा अर्थ रस्ट मॉन्स्टरचे खरे भोजन शृंगिकांच्या स्पर्शाच्या क्षणीच उरकलेले असते, आणि नंतर तो जे गिळतो ते राखेहून वेगळे नव्हे. हिशेबच करायचा तर एक ग्रॅम शुद्ध लोखंड पूर्णपणे गंजताना सुमारे ७.४ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि एक ग्रॅम साखर सुमारे १७ किलोज्यूल देते. म्हणजे सरदाराच्या अंगावरचे २० किलो वजनाचे चिलखत सुमारे ३५,००० किलोकॅलरींचे होते, ज्यावर धडधाकट माणूस दोन आठवडे काढू शकेल. एवढा मेवा समोर चालून आल्यावर त्या प्राण्याने धाव घ्यावी यात अस्वाभाविक काहीच नाही.

निसर्गातले खरे धातुकभक्षक मात्र डोळ्यांना दिसतही नाहीत. कोळशाच्या खाणींतून झिरपणारे पाणी आम्लयुक्त का असते याचा शोध घेताना आर्थर कोल्मर आणि एम. ई. हिंकल यांनी १९४७ साली दाखवून दिले, की त्या पाण्यातील जंतू लोहाचे ऑक्सिडीकरण घडवून आणतात. अॅसिडिथिओबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या नावाने आज ओळखला जाणारा हा जंतू हेमॅटाइटला तोंड लावीत नाही. तो जगतो गंधकयुक्त खनिजांवर, पायराइटसारख्या, ज्यांतील लोह आणि गंधक या दोहोंचेही ऑक्सिडीकरण अजून व्हायचे असते. या आहारातून मिळणारी ऊर्जा अत्यल्प, म्हणून त्याला प्रचंड प्रमाणात लोह रूपांतरित करावे लागते, आणि त्या उद्योगातून निर्माण होणारे फेरिक लोह भोवतालच्या तांब्याच्या सल्फाइडांनाही विरघळवते. चिलीतील तांब्याच्या खाणींत हेच काम मुद्दाम करवून घेतले जाते. स्पेनच्या वेल्वा प्रांतातील रिओ तिंतो नदीचे तांबडे पाणी, ज्याचा सामू सुमारे दोन ते अडीच असतो, हे अशाच जंतूंचे कर्तृत्व आहे. भुयारात शिरण्यापूर्वी खेळाडूंना असा एक लाल, आंबट ओढा दिसावा; तळाशी पिवळसर साका बसलेला, काठावर गवताचे पाते नाही, आणि पाण्यात बुडवलेले कुलूप सकाळपर्यंत झिजलेले. गर्जनांच्या वर्णनापेक्षा हा पुरावा अधिक भयप्रद ठरेल.

याउलट दगड खातो म्हणून गाजलेला फिलिपाइन्समधील अबतन नदीतला जहाजकिडा, ज्याचे वर्णन २०१९ साली प्रसिद्ध झाले, चुनखडक पोखरतो आणि गिळतो खरा. पण खडक हे त्याच्या पोषणाचे साधन असल्याचे सिद्ध झालेले नाही. हिंदी महासागरातील उष्णोदकाच्या झऱ्यांपाशी लोहसल्फाइडाचे खवले अंगावर वागवणारी जी गोगलगाय आढळते, तीही लोखंडाने मढलेली आहे, लोखंडावर पोसलेली नव्हे. शरीरात धातू असणे आणि धातूवर जगणे या दोन गोष्टी लेखकांनी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

राहता राहिला प्रश्न शुद्ध लोखंड खाणाऱ्या प्राण्याच्या वसतिस्थानाचा. भूगर्भात लोखंड धातुरूपात क्वचितच आढळते. ग्रीनलंडच्या डिस्को बेटासारखी मोजकी ठिकाणे आणि आकाशातून पडलेले अशनी सोडले, तर खडकांतले लोह प्राणवायूशी किंवा गंधकाशी बांधलेलेच असते. चिलखतातली आणि तलवारीतली ऊर्जा ही भट्टीत जळालेल्या कोळशाने खनिजातला प्राणवायू हिरावून घेऊन तेथे भरलेली आहे. तेव्हा असा प्राणी खोल, निर्जन खडकात सहस्रके राहतो ही कल्पना टिकत नाही. त्याचा मुलूख मनुष्यवस्तीच्या खालचा असणार, लोहारशाळेच्या, शस्त्रागाराच्या आणि जेथे पूर्वी सैन्ये पडली त्या तळघरांच्या आसपासचा.