परसांतील गाणाऱ्या पक्ष्यांची ओळख

ज्यांच्या घरामागें विहिरीचा पाट, चार केळी, लिंबू-पेरूचीं झाडें व जास्वंदीचें कुंपण आहे, त्यांच्या परसांत अनेक जातींचे गाणारे पक्षी येत-जात असतात. परंतु ‘चिमणी’ किंवा ‘पिवळा पक्षी’ यापलीकडे त्यांचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांस सांगतां येत नाहीं. या अज्ञानानें हानि कशी होते, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे.

एके वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या अंजिराचीं दोन पानें कडेनें जुळून द्रोणासारखीं झालेलीं दिसलीं. कीड लागली असें समजून आम्हीं ती डहाळी छाटविली. खालीं पडल्यावर आंत कापूस व तीन इवलीं अंडीं आढळलीं. तें शिंप्याचें घरटें होतें. जो पक्षी झाडावरील अळ्या वेंचीत होता, त्याचेंच घर आम्हीं कीड म्हणून मोडलें!

महसूल खात्यांत कारकुनी करतांना शेताची ओळख आम्हीं उभ्या पिकावरून कधीं केली नाहीं. पीक हंगामागणिक पालटतें. ओळख पटते ती चतुःसीमांनीं. पक्ष्याचा रंग हा पिकासारखाच होय. पुष्कळ जातींत तो नर-मादींचा निराळा असतो व कांहींत ऋतुपरत्वें बदलतो. यास्तव आकार, चोंच, वावरण्याची जागा व आवाज या चार सीमा प्रथम पाहाव्या, रंग मागाहून.

पिवळ्या रंगाचे दोन पक्षी घ्या. हळद्या मैनेएवढा असून आंबा-वडाच्या शेंड्याकडील दाट पानांत वावरतो. त्याची शीळ बासरीसारखी असते. नर सोन्यासारखा पिवळा, पंख काळे व डोळ्यावरून काळा पट्टा, मादी हिरवट. सुभग मात्र चिमणीएवढा. तो चिंच-बाभळीच्या डहाळ्यांतून अळ्या शोधीत फिरतो व त्याच्या पंखांवर दोन पांढरे पट्टे असतात.

जांभळा शिंजीर चिमणीहून लहान. चोंच लांब, बारीक व वांकलेली. तो जास्वंद व केळफुलांतील मध घेतो आणि बारीक किडे-कोळीही टिपतो. विणीच्या दिवसांत नर निळ्या-जांभळ्या झळाळीचा दिसतो. ते दिवस सरले कीं तो मादीसारखा मळकट होतो. गळ्यापासून पोटाकडे काळी रेघ तेवढी उरते.

दयाळ शेपटी उभारून जमिनीवर किडे वेंचतो. नर काळा-पांढरा, मादींत काळ्याच्या जागीं राखी रंग. उन्हाळ्यांत पहांटे उंच जागीं बसून नर गातो, तसें गोड गाणें परसांत क्वचितच ऐकूं येतें. आमचा शिंपी तर बोटभर. डोकें तांबूस, पाठ हिरवट, शेपटी उभी, आणि आवाज देहाच्या मानानें फार मोठा.

वाचकांनीं सूर्योदयाच्या सुमारास पाव तास ओट्यावर स्वस्थ बसावें व दिसेल तें वहींत टिपावें. छाटणीपूर्वीं जुळलेलीं पानें उलटून पाहावीं; कडेला टांके दिसल्यास पिलें उडून जाईपर्यंत ती फांदी राखावी. मुलांच्या हातांतील गलोलही काढून घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हे पक्षी मारण्यास व त्यांचीं घरटीं मोडण्यास मनाई आहे. पण त्याहून मोठें कारण असें कीं, अळ्या वेंचणारा हा गडी आपल्याकडे मजुरी मागत नाहीं. आमच्या अंजिरावर शिंपी पुन्हां आला, तो तिसऱ्या वर्षीं.