माळ्यावरची ठासणीची बंदूक

माळ्यावरून गोधडीत गुंडाळलेली बंदूक निघाली, की घरातल्या हौशी मंडळींचे हात शिवशिवू लागतात. कुणी काचकागद आणतो, कुणी व्हार्निशची बाटली. वाचकहो, ती बाटली आधी कपाटात ठेवा आणि बंदूक भरलेली नाही ना, ते पाहा!

ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वी कुणी भरून ठेवलेला बार आजही जिवंत असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. म्हणून नळीचे तोंड स्वतःकडे वा कुणाकडेही न करता लाकडी काठी हलकेच तळापर्यंत सोडावी, तोंडापाशी खूण करावी आणि तीच काठी नळीवर बाहेरून धरून पाहावी. टोपी बसते त्या बोंडीच्या आसपास ती पोचली तर नळी रिकामी. चार बोटे कमी भरली, तर पुढचे काम आपले नव्हे, जाणत्या बंदूक-कारागिराचे.

उदाहरणादाखल १८५३ सालची एन्फील्ड घेऊ. हिच्याच काडतुसांना गाईडुकरांची चरबी लावल्याच्या बोलवेने १८५७ साली शिपायांत आग भडकली. ३९ इंच लांबीची नळी, तिला कुंद्याशी बांधणारे तीन पट्टे, पितळी तळपट्टी आणि अक्रोडाचा कुंदा. बंडानंतर हिंदी शिपायांच्या हाती हिच्याच धर्तीची पण आतून गुळगुळीत नळीची, कमी पल्ल्याची बंदूक देण्यात आली. विश्वास किती उरला होता, ते यावरून कळावे.

उकलताना प्रथम गज काढावा. घोडा अर्धा चढवून कळीचे दोन्ही स्क्रू थोडे सैल करावेत आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे कळ सरळ बाहेर येते. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली, की कडेच्या लाकडाची ढलपी निघालीच म्हणून समजा. मग नळीच्या मागचा स्क्रू, मग पट्टे. नळी ओढू नये. बंदूक पालथी करून ती हातात उतरू द्यावी. ज्या भोकाचा स्क्रू त्याच भोकात परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्यावर बंदुकीचे चित्र काढून ते जागच्या जागी टोचून ठेवावेत.

आता लाकूड. इथे काचकागद म्हणजे शत्रू! कुंद्याच्या उजव्या बाजूला सरकारी कोठाराचा गोल शिक्का असतो, पुसटसा. शिवाय एखाद्या शिपायाने कोरलेली खूण. दहा मिनिटांच्या घासणीत दोन्ही जातात, आणि उरते ते नव्या बाजेच्या पायासारखे गुळगुळीत लाकूड. कडाही गोल होतात, पितळ लाकडाच्या वर उठून दिसू लागते. तेव्हा मळ टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा. कळीभोवती तेल मुरून काळे झालेले लाकूड असेल, तर खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्यावा. वाळताना तो तेल ओढून घेतो. दबलेल्या खोलगट जागेवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली, की वाफेने तंतू फुगून वर येतात. लाकूड तुटून गेले असेल तिथे मात्र इस्त्री हरते. ती जखम तशीच राहू द्यावी, असे माझे मत.

शेवटी जवसाचे तेल. थेंब दोन थेंब तळहातावर घेऊन, हात गरम होईपर्यंत चोळावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. आज ओतले, उद्या चमकले, असा हा सौदा नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते, त्याला दिवस लागतात. त्याच प्रक्रियेत उष्णताही निर्माण होते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता फडकी पेटतात! ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

परवान्याचेही पाहावे. १९५९ चा शस्त्र कायदा जुन्या धाटणीच्या शस्त्राला सूट देतो, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपलीकडची अशी चीज परदेशातल्या पाहुण्याच्या ट्रंकेत भरून देता येत नाही, पाहुणा जावई असला तरी.