तेलाची सुई आणि चार दिवसांचा ठणका

कोल्हापुरात पुरुषाची ताकद चारचौघांत मोजली जाते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं इथल्या पोराला बाराखडीबरोबर पाठ होतात. राजर्षी शाहूंनी बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२पासून कुस्त्या लागत आल्या आहेत. अशा गावात एखाद्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनच पुरेसं तयार होत नसेल, तर तो कोणापाशी बोलणार? दाढी नीट फुटत नाही, दंड भरत नाहीत, सतत थकवा असतो, मूल होत नाही; सगळं गिळून तो गप्प राहतो. उपचार सुरू झाला तरी गुपचूप. आणि इंजेक्शनची जागा ठणकली, की पुढची तारीख गुपचूपच चुकवतो. खरं तर या दुखण्याची कारणं माहीत आहेत आणि ते बरंच कमीही करता येतं.

ही कमतरता दुर्मीळ नाही. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये मुलगा एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मतो. साधारण ६०० मुलग्यांमागे एकाला हे असतं आणि पुष्कळांना ते मूल होत नाही म्हणून तपासणीला गेल्यावरच कळतं. काहींना गालगुंड वृषणात उतरल्यामुळे, काहींना पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे हार्मोन कमी पडतं. निदान एका रिपोर्टवर होत नाही. सकाळी लवकर घेतलेल्या रक्ताचे दोन वेगवेगळ्या दिवशीचे आकडे आणि जोडीला लक्षणं, असं सगळं जुळावं लागतं.

१९३५मध्ये टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. अडचण अशी निघाली की शुद्ध स्वरूपात टोचलं तर शरीर ते झटपट संपवतं. म्हणून त्याला एस्टरची शेपटी जोडून तेलात विरघळवतात. स्नायूत तेलाचा साठा बसतो आणि औषध त्यातून हळूहळू रक्तात उतरतं. एनान्थेट आणि अनडेकॅनोएट हे असे दोन एस्टर. एनान्थेट दर दोन-तीन आठवड्यांनी घ्यावं लागतं. अनडेकॅनोएटचा १००० मिलिग्रॅमचा डोस सुरुवातीच्या दोन सुया झाल्या की १० ते १४ आठवडे पुरतो.

ठणक्याचं मूळ या तेलातच आहे. अनडेकॅनोएट ४ मिलिलिटर एरंडेलात असतं. आजीच्या हातचं एरंडेल ज्यांनी घेतलंय त्यांना त्याचा दाटपणा सांगायला नको. तेवढं तेल स्नायूचे धागे बाजूला सारत आत जातं. शिवाय औषध विरघळलेलं राहावं म्हणून घातलेलं बेंझिल बेंझोएट किंवा बेंझिल अल्कोहोल काहींना झोंबतं. चार एस्टरचं मिश्रण असलेलं सस्टॅनॉन शेंगदाणा तेलात येतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सुईआधीच सांगायला हवं.

सिडनीतल्या संशोधकांनी १२५ पुरुषांना अनडेकॅनोएट दिल्यावर दुखण्याची रोजची नोंद ठेवली. सुमारे ८० टक्क्यांना दुखलं. सर्वांत जास्त दुखणं सुईनंतर लगेचचं, तेही मध्यम. एक-दोन दिवस ते टिकलं आणि चौथ्या दिवसापर्यंत सगळं पूर्ववत झालं. वेदनाशामक गोळी फारशी कोणाला लागली नाही. मला त्यातली एक नोंद फार मोलाची वाटते: आधीची सुई ज्यांना दुखली होती, त्यांना ही जास्त दुखली. म्हणजे पहिलीच सुई जपून, वेळ देऊन टोचली पाहिजे.

ती कशी? थंडीत तेल आणखी दाटतं, एनान्थेटच्या बाटलीत कधी बारीक स्फटिकही दिसतात. बाटली तळहातांत धरून कोमट केली, हलवली की ते विरघळतात आणि तेल सैल वाहतं. कातडीवरचं स्पिरिट पूर्ण वाळू द्यावं. ओलं असताना टोचलं तर चुरचुरतं. पालथं झोपून पायाचे अंगठे आत वळवले की कुल्ल्याचा स्नायू सैल पडतो. नर्स कातडी बोटांनी बाजूला ओढून सुई घालते आणि सुई काढल्यावर कातडी सोडते, त्यामुळे तेल वाटेने परत वर झिरपत नाही. ४ मिलिलिटर ढकलायला निदान दोन मिनिटं लागलीच पाहिजेत. रांग मोठी आहे म्हणून वीस सेकंदांत उरकायची ही सुई नव्हे. पेशंटने ‘सिस्टर, जरा सावकाश’ म्हणावं. त्यात मर्दपणा कमी होत नाही. दर वेळी बाजू बदलावी आणि त्या दिवशी बैठका टाळाव्यात.

जिममध्ये कोणीतरी बॅगेतून काढून देतो ती सुई मात्र उपचार नाही. कमतरता नसताना बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्राणू घटतात. खऱ्या रुग्णांनाही मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं, त्यांच्यासाठी वेगळी औषधं असतात. रक्त दाट होत नाही ना, हेही अधूनमधून तपासावं लागतं.

काही दुखणी मात्र वाट पाहण्याची नसतात. टोचताना पायात विजेसारखी कळ गेली, तर सुई नसेजवळ आहे. लगेच थांबायला सांगावं. सुईनंतर लगोलग खोकल्याची उबळ, दम किंवा चक्कर आली, तर तेलाचे थेंब फुप्फुसात गेलेले असू शकतात. म्हणून अनडेकॅनोएटनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. आणि चौथ्या दिवशी ठणका उतरण्याऐवजी वाढत असेल, जागा लाल, गरम होऊन ताप भरला असेल, तर आत पू धरलेला असू शकतो. हळदीचा लेप लावून सकाळची वाट न पाहता त्याच रात्री सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात जावं आणि कसली सुई घेतली ते न लाजता सांगावं.