वायफाय उडतंय! : एका जुन्या तक्रारीचा मागोवा

‘लॅपटॉपचं वायफाय सारखं उडतंय’ ही तक्रार दुरुस्तीच्या टेबलामागे बसून ऐकायला लागलो, त्याला वीसहून अधिक वर्षं झाली. वाक्य तेच राहिलं, दोषाची जागा मात्र बदलत गेली. आधी तो यंत्राच्या पोटात असायचा. मग तो आजूबाजूच्या हवेत गेला. हल्ली बहुतेक वेळा तो लॅपटॉप आणि राउटर या दोघांच्या अतिशहाणपणात सापडतो. उपाय सांगणाऱ्यांना याचा पत्ता लागलेला दिसत नाही. ‘राउटर बंद करून चालू करा’ आणि ‘फॉरमॅट मारून घ्या’ हे दोन सल्ले २००५ मध्ये मिळत होते, आजही मिळतात.

सुरुवात मार्च २००३ पासून धरायला हरकत नाही. त्या महिन्यात इंटेलने सेंट्रिनो आणलं. पेंटियम एम प्रोसेसर, त्याच्या जोडीचा चिपसेट आणि इंटेलचंच वायफाय कार्ड, ही तिन्ही असतील तरच लॅपटॉपवर ते स्टिकर लावायला मिळे. त्याआधी वायफाय हवं तर बाजूच्या खाचेत पीसीएमसीआयए कार्ड खुपसावं लागायचं. ते थोडं बाहेर डोकावायचं आणि दाराला, बॅगेला, कशालाही धडकायचं. सेंट्रिनोतलं पहिलं कार्ड सेकंदाला ११ मेगाबिटचं, तेही कागदावर. आपल्याकडे वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायची मोकळीक मिळाली ती जानेवारी २००५ मध्ये, आणि बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँडही त्याच महिन्यातलं. घरात इंटरनेट आणि वायफाय असे मागेपुढेच आले आणि त्यातून एक घोळ झाला, जो अजून निस्तरतो आहे. वायफाय म्हणजेच इंटरनेट, असं लोकांनी धरून टाकलं.

‘काकू, वायफाय जातंय की नेट जातंय?’

‘अरे बाबा, दोन्ही एकच ना?’

एकच नाही. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा टप्पा वेगळा, राउटरपासून बाहेर जाणारा वेगळा. पहिला तुटला तर वायफाय गेलं. दुसरा तुटला तर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि पान काही उघडत नाही. इतकी वर्षं मी पहिली चाचणी एकच करतो. स्क्रीनवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी-शेजारी उघडायच्या. एकीत राउटरला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग लावायचं. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला. मग चहा घ्यायचा. उत्तरं सरसर खाली सरकत राहतात आणि मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ उमटतं. ते दोन्ही खिडक्यांत एकदम उमटलं तर संशय लॅपटॉप-राउटरच्या टप्प्यावर. फक्त दुसरीत उमटलं तर लॅपटॉप उघडायचंच कारण नाही, केबलवाल्याला फोन करायचा. आमच्याकडे आलेले किती लॅपटॉप या चाचणीनंतर जसेच्या तसे घरी गेले, त्याचा हिशेब ठेवला असता तर धंदा बंद करावासा वाटला असता.

पहिल्या काही वर्षांतले दोष आज आठवले तरी हसू येतं. लॅपटॉपच्या कडेला वायफायचं सरकतं बटण असे. बॅगेत घालताना ते सरकायचं, आणि माणूस तासभर ड्रायव्हर टाकत बसायचा. विंडोज एक्सपीत ‘वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन’ नावाची सेवा होती. ती जोडणी चांगली चालू असतानाही साधारण दर मिनिटाला आसपास दुसरं कुठलं वायफाय आहे का ते पाहून यायची. तेवढ्यात गेम अडखळे, बोलणं तुटे. त्यावर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅमही सीडीवरून टाकलेला असायचा. एकाच कार्डावर दोन मालक! एकाने जोडायचं, दुसऱ्याने तोडायचं. यातला एक बंद केला की निम्म्या तक्रारी संपत. लिनक्सवाल्यांचे हाल तर आणखी वेगळे. कार्डाचा लिनक्स ड्रायव्हरच नसायचा, मग एनडीआयएसरॅपरच्या आडून विंडोजचा ड्रायव्हर चालवायचा, आणि तो चालला की बाकी कशालाही हात लावायचा नाही.

एक दोष खास आपल्या घरांतला होता. मुलगा किंवा जावई अमेरिकेतून येताना लॅपटॉप आणायचा. तो कॉफी शॉपमध्ये चाले, ऑफिसात चाले, घरी मात्र घरचंच वायफाय कधी दिसे, कधी नाहीसं होई. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनल वापरतात, अमेरिकेत ११. तिकडच्या बाजारासाठी बनलेल्या कार्डाला बारावा-तेरावा चॅनल दिसतच नसे. राउटर ‘ऑटो’वर असला आणि लाइट जाऊन आल्यावर त्याने तेरावा निवडला, की वायफाय गायब, पुन्हा लाइट गेली आणि त्याने सहावा धरला, की हजर. घरचे म्हणत, लाइट गेली की सुधारतं. निरीक्षण अचूक होतं.

२००८ ने वायफायला कुलूप लावलं. जुलैमध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं पाठवलेली ई-मेल सानपाड्यातल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं. ऑगस्टमधली तशीच ई-मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या जोडणीवरून, सप्टेंबरमधली चेंबूरच्या एका कंपनीच्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय हुडकत फिरू लागले. लोकांनी पासवर्ड लावले ते बरंच झालं; पण घाईत लावले. कुणी डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप लावलं, जे २००१ मध्येच फोडता येतं हे सिद्ध झालं होतं. कुणी डब्ल्यूपीए-२ लावलं आणि जुना एक्सपी लॅपटॉप ‘जोडतो आहे, जोडतो आहे’ करत बसला, कारण त्याला डब्ल्यूपीए-२ शिकवायला २००५ चं एक वेगळं अपडेट किंवा २००८ चा तिसरा सर्व्हिस पॅक लागे. त्या काळात जोडणी तुटण्याच्या नावाखाली आलेल्या तक्रारींतला मोठा भाग खरं तर जोडणी नीट होतच नसल्याचा होता. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला की समजायचं, लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच्या मनाने घेतला आहे.

यंत्रातले दोष मला अजूनही जास्त आवडतात, कारण ते बोटाने दाखवता येतात. लॅपटॉपचे अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला असतात. तिथून शेवयांइतक्या बारीक दोन वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली उतरतात आणि कार्डावरच्या इवल्याशा गोल कनेक्टरवर टिचकन बसतात. झाकण रोज उघडमीट करताना बिजागरीत वायर पिळत राहते. आतली तार तुटते, वरचं आवरण शाबूत. लक्षण मोठं मजेचं: झाकण सरळ असताना तीन काड्या, थोडं मागे कललं की एक, आणखी कललं की गुल. गिऱ्हाईक सांगतं, ‘टेबलावर चालतं, मांडीवर घेतलं की जातं.’ लोक त्याचा संबंध गरम होण्याशी लावत. संबंध झाकणाच्या कोनाशी असे.

दुसरा किस्सा सेलोटेपचा. कडेचं ते सरकतं बटण खराब झालं की लॅपटॉप कार्डाला ‘बंद रहा’ असा इशारा देत राही. मिनी पीसीआय-एक्स्प्रेस कार्डाच्या ५२ टोकांपैकी विसावं टोक या इशाऱ्याचं. त्या एका टोकावर तांदळाच्या दाण्याच्या रुंदीची चिकटपट्टी चिकटवली की कार्डापर्यंत इशारा पोचत नाही आणि ते कायम चालू राहतं. मदरबोर्ड बदलायचा खर्च सांगितलेला लॅपटॉप पट्टीच्या तुकड्यावर वर्षानुवर्षं चालला, असं पुष्कळदा झालं. पट्टी शेजारच्या टोकावर सरकली तर मात्र पुन्हा सगळं उघडायचं.

साधारण २०१० नंतर यंत्रं सुधारली आणि हवा बिघडली. २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल मोजायला १३, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झ. म्हणजे एकमेकांवर न चढणारे म्हणून सहसा वापरतात ते १, ६ आणि ११. एका इमारतीत आठ-दहा राउटर आले की चाळीच्या गॅलरीत सगळी बिऱ्हाडं एकदम बोलू लागावीत तसं होतं. वायफायचा नियम असा की दुसरा बोलत असेल तर थांबायचं, त्यामुळे सगळेच थांबत राहतात. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात, ब्लूटूथही तिथेच. कुणी चॅनल ३ किंवा ९ निवडून आपण गर्दीतून बाहेर पडलो असं समजे, तर तो दोन्हीकडच्या गर्दीत सापडलेला असे.

याच काळातला एक दोष ओळखायला मला फार वेळ लागला असता, पण इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपणच काढलं होतं. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करायला घेतल्या की वायफाय मरगळतं, कॉपी संपली की सावरतं. जवळच वायरलेस माउसचं रिसीव्हर असेल तर माउसही अडखळतो. उपाय साधा: डिस्क लांब ठेवा, चांगल्या आवरणाची वायर वापरा, किंवा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. पण आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा मोकळा व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडलं, आणि जाड विटांच्या भिंती, आरसीसी खांब, लोखंडी कपाट यांतून ५ गिगाहर्ट्झ फारसं पार जात नाही. दिवाणखान्यात सुसाट, स्वयंपाकघरात शून्य.

मग आला हुशारीचा काळ. बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज वायफाय कार्डालाच डुलकी घ्यायला लावतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’खाली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते. ती काढली की स्लीपमधून उठल्यावर वायफाय न सापडण्याचे कित्येक प्रकार थांबतात. नव्या लॅपटॉपांत ते पानच बहुधा दिसत नाही. म्हणजे खूण काढायचीही सोय गेली.

वायफायच्या चिन्हावर उमटणाऱ्या पिवळ्या त्रिकोणाबद्दल एक सांगितलं पाहिजे, कारण त्याने लोकांना फार घाबरवलं आहे. व्हिस्टापासून विंडोज जोडणी झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक छोटीशी मजकूर-फाइल आणून पाहतं. ती आली तर इंटरनेट आहे, नाही आली तर त्रिकोण. बस, एवढंच. म्हणजे त्रिकोण असताना इंटरनेट चालू असू शकतं. मार्च २०२० मध्ये, नेमके सगळे घरून काम करायला बसले तेव्हा, विंडोज १० च्या एका अपडेटमुळे प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरणाऱ्या यंत्रांवर हा निकाल चुकू लागला. नेट चालू असूनही काही ऑफिसची ॲप्स त्या निकालावर विश्वासून जोडायलाच तयार नसत. मायक्रोसॉफ्टने महिनाअखेरीला नेहमीचं वेळापत्रक सोडून दुरुस्ती काढली. तोवर लोकांनी राउटर बदलले होते.

लॉकडाउननंतरचे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. लॅपटॉपलाही आपलं मत असतं. बेडरूमच्या दारात, जिथे ५ गिगाहर्ट्झ क्षीण होतं, तिथे राउटर म्हणतो इकडे ये, कार्ड म्हणतं तिकडेच बरं होतं. दर थोड्या वेळाने ही ओढाताण आणि दर वेळी मीटिंग गोठलेली. दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्यावीत आणि लॅपटॉपला एकच शिकवावं, हा माझा सल्ला अनेक जाणकारांना मागासलेला वाटतो. एकाच खोलीत बसून काम करणाऱ्याला तो चालतो. इंटेलच्या कार्डांत ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’ नावाची सोय असते. ती खाली आणली की कार्ड उगाच घर बदलत नाही.

निदानासाठी आता साधनं चांगली मिळाली आहेत, हे कबूल करायला हवं. विंडोज १० पासून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून दिली की गेल्या तीन दिवसांतल्या जोडण्यांचा अहवाल तयार होतो: कधी जोडलं, कधी तुटलं, कोणत्या कारणाने. यंत्र झोपलं म्हणून तुटलं की ड्रायव्हरने तोडलं की माणसाने स्वतःच बंद केलं, हे त्यात वेगवेगळं दिसतं. पूर्वी हेच काढायला गिऱ्हाइकाला वहीत वेळा लिहायला सांगावं लागे.

हात मात्र बांधले गेले आहेत. पूर्वी कार्ड गेलं तर दोन स्क्रू काढून दुसरं बसवायचं. काही कंपन्यांच्या बायॉसला आपल्या यादीबाहेरचं कार्ड चालत नसे, तरी वाट निघे. आता अनेक पातळ लॅपटॉपांत वायफायची चिप मदरबोर्डावरच डकवलेली असते आणि लॅनचं भोकही नसतं. ती चिप अधूनमधून रुसायला लागली तर उरतो यूएसबीचा डोंगल. तो लावायला पोर्ट मोकळा असतो तो नेमका यूएसबी ३, गोंगाट करणारा. म्हणून डोंगल देताना मी सोबत हातभर लांबीची यूएसबी वायरही देतो, म्हणजे तो पोर्टापासून दूर राहील. गिऱ्हाईक विचारतं, वायरलेसला वायर कशाला? तिचे पैसे वेगळे आहेत म्हटल्यावर आणखी बरंच काही विचारतं.