इनपुट, आउटपुट, स्टोरेज : व्हाया जुन्नर-आंबेगाव

नवीन कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "प्रोसेसर कोणता?" मग रॅम किती, स्पीड किती. कीबोर्ड, माउस, प्रिंटर ही मंडळी बिलाच्या अगदी शेवटी येतात, आणि त्यातलं एखादं तर दुकानदार फ्रीसुद्धा देतो. आपल्या अभ्यासातही तीच गत. इनपुट, आउटपुट आणि स्टोरेज डिव्हाइसेसचं चॅप्टर म्हणजे तीन व्याख्या, चार चौकोन, मधे बाण आणि परीक्षेला हमखास पाच मार्क. मराठीत यांना आदान, प्रदान आणि साठवण असे छान शब्द आहेत, पण आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची गाडी 'आदान-प्रदान' म्हटलं की थेट आभारप्रदर्शनाच्या भाषणावर जाते!

पण खरं सांगायचं तर कॉम्प्युटरचं बरं-वाईट ठरतं ते याच तीन ठिकाणी. आत काय येतं? त्यातलं काय जपून ठेवलं जातं? आणि बाहेर पडलेलं कोणाला वाचता येतं? मधला प्रोसेसर कितीही वेगवान असो, या तीन प्रश्नांची उत्तरं तो देऊ शकत नाही. हे समजून घ्यायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पुरेत. चला तर मग!

डेअरीतला कॉम्प्युटर

सुरुवात सोप्या उदाहरणाने करू. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ लोक डेअरीला दूध घालतात. पूर्वी मापाने दूध मोजायचे आणि वहीत लिहायचे. आता संकलन केंद्रात इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असतो, शेजारी फॅट मशीन असते आणि एक छोटा कॉम्प्युटर असतो. खाते नंबर टाकला, कॅन काट्यावर ठेवला, चमचाभर दूध मशीनला लावलं की फॅट आणि एसएनएफचे आकडे येतात. कॉम्प्युटर दरपत्रक बघून गुणाकार करतो आणि पावती बाहेर येते.

आता आपले चौकोन आणि बाण आठवा. काटा, फॅट मशीन आणि नंबर टाकायची बटणं हे झालं इनपुट. पावतीचा प्रिंटर आणि समोरचा डिस्प्ले हे आउटपुट. दहा दिवसांनी बिल काढायचं म्हणून रोजचे आकडे ज्यात राहतात ते स्टोरेज. प्रोसेसरचं काम काय, तर एक गुणाकार! तो तर आपणही तोंडी करू.

पण समजा, दूध नीट न ढवळता वरवरचं सँपल घेतलं तर? साय वर येते, त्यामुळे फॅट जास्त दाखवणार. खालचं घेतलं तर कमी. कॉम्प्युटर गुणाकार अगदी बरोबर करेल, पावतीही छान छापून येईल, आणि पैसे मात्र चुकीचे मिळतील. आपल्याकडची म्हण आहेच, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी यासाठी चार शब्दांचं इंग्रजी सूत्र केलंय, पण आपली म्हण कितीतरी जुनी आहे.

जगातला एक भला मोठा इनपुट डिव्हाइस

आता पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगावला या आणि खोडदच्या दिशेने वळा. शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या पांढऱ्या जाळीच्या डिश दिसू लागतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. प्रा. गोविंद स्वरूप (निधन २०२०) यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ती जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी अर्पण करण्यात आली.

एकूण डिश ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ डिश खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आहेत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांसारख्या दूर पसरल्या आहेत. सगळ्यात लांबच्या दोन डिशमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर भरतं.

इनपुट डिव्हाइसचं काम काय? बाहेरच्या जगातल्या एखाद्या गोष्टीचं कॉम्प्युटरला कळेल अशा आकड्यांत रूपांतर करणं. कीबोर्ड बोटाचा दाब घेतो, मायक्रोफोन आवाज घेतो, जीएमआरटी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी घेते. या लहरी साधारण वीस सेंटिमीटर ते काही मीटर लांबीच्या असतात. हायड्रोजनची प्रसिद्ध लहर २१ सेंटिमीटरची. त्यामुळे डिशला सलग पत्रा लागत नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी चालते. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, लहर त्याहून कितीतरी मोठी, म्हणून लहरीला ती जाळी आरशासारखीच 'दिसते'. वारा मात्र आरपार जातो, वजन कमी होतं आणि खर्चही वाचतो. कमी पैशात मोठं काम कसं करावं याचा हा धडा आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा!

जाळीवरून परावर्तित झालेल्या लहरी डिशच्या नाभीशी (फोकसपाशी) असलेल्या फीडवर गोळा होतात. तिथे त्यांचा विद्युत सिग्नल होतो, तो वाढवला जातो आणि ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो. तिथे त्याचे आकडे होतात.

आणखी एक गंमत. हीच डिश आउटपुट डिव्हाइससुद्धा आहे! कंट्रोल रूममधून हुकूम सुटतो आणि मोटरी ती अवाढव्य डिश वळवतात. कॉम्प्युटरचा हुकूम प्रत्यक्ष हालचालीत उतरतो, म्हणजे आउटपुटच की. डिश नक्की किती अंशात वळली हे एन्कोडर मोजून परत कळवतो, ते पुन्हा इनपुट. मोबाइलचा टचस्क्रीन जसा दोन्हीकडचा, तशीच ही डिश. म्हणून एखादं यंत्र इनपुट की आउटपुट हे त्याच्या नावावरून नाही, तर माहिती कोणत्या दिशेने चाललीय यावरून ठरवायचं.

सगळं ठेवायचं म्हटलं तर?

आता थोडं गणित करू. उदाहरणादाखल २०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घ्या. नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे त्याचे सेकंदाला किमान ४० कोटी नमुने घ्यावे लागतात. एक नमुना एक बाइटचा धरला तर झाले ४०० मेगाबाइट. प्रत्येक डिशमधून दोन पोलरायझेशनचे दोन सिग्नल येतात, म्हणजे ३० डिशचे ६० सिग्नल. एकूण सेकंदाला २४ गिगाबाइट! एक टेराबाइटची हार्ड डिस्क ४२ सेकंदांत फुल्ल. दिवसभराचं ठेवायचं तर अशा दोन हजारांवर डिस्क रोज लागतील.

मग करतात काय? कोरिलेटर नावाची यंत्रणा दोन-दोन डिशचे सिग्नल एकमेकांशी गुणते आणि त्यांची सरासरी काढते. प्रत्येक डिशच्या इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट वेगवेगळा, त्यामुळे सरासरीत तो जवळजवळ उडून जातो. आकाशातून दोघींकडे आलेला समान सिग्नल तेवढा उरतो. ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात. समजा पट्ट्याचे २०४८ भाग केले, दोन्ही पोलरायझेशन घेतली, प्रत्येक आकड्याला ८ बाइट दिले आणि ८ सेकंदांची सरासरी ठेवली. हिशोब करून बघा, सेकंदाला दोन मेगाबाइटसुद्धा भरत नाहीत. आलेल्या माहितीच्या सुमारे तेरा हजारपट कमी!

पण ही बचत फुकट मिळत नाही. आठ सेकंदांची सरासरी घेतली की त्या आठ सेकंदांच्या आत काय काय घडलं ते कायमचं गेलं. पल्सर नावाचे काही तारे तर सेकंदात अनेकदा लुकलुकतात. त्यांच्यासाठी म्हणूनच वेगळी पद्धत वापरावी लागते, ज्यात सेकंदाचे अतिशय बारीक तुकडे जपले जातात. म्हणजे काय शोधायचंय हे आधी ठरवावं लागतं आणि त्याप्रमाणे काय ठेवायचं ते ठरतं. आपण मोबाइलची मेमरी फुल्ल झाली की फोटो डिलीट करत बसतो. इथे डिलीट आधीच करावं लागतं, फोटो बघायच्या आत.

जे ठेवलं ते मात्र नीट जपलं जातं. निरीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांचा त्यावर साधारण १८ महिने पहिला हक्क असतो, त्यानंतर तो डेटा सर्वांना खुला होतो. याचा फायदा बघा. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळपास ९० टक्के आकाशाचा सर्व्हे केला. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका गटाने तोच साठवलेला कच्चा डेटा नव्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढला आणि २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. इनपुट जुनंच, आउटपुट नवं. हे स्टोरेजमुळेच शक्य झालं.

दोन हजार वर्षांची हार्ड डिस्क

पण स्टोरेज टिकतं किती? फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावायचे, आज एखाद्याच्या कपाटात फ्लॉपी सापडली तरी ती घालायची कुठे? सीडी-डीव्हीडीचंही तेच होत चाललंय. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह ही सगळी काही वर्षांची सोबत.

याच तालुक्यात याचं उत्तर कोरून ठेवलेलं आहे. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातली ही व्यापारी वाट. तिथल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात (त्या काळचा इनपुट डिव्हाइस म्हणा हवं तर!). तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली याची ती नोंद. त्यातले आकडे तर भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी मानले जातात. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हं. दोन हजार वर्षांपूर्वीचा डेटा, लाइट नाही, बॅकअप नाही!

तरीही तो मधली कित्येक शतकं कोणालाच वाचता येत नव्हता. कारण ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाची दखल घेतली, पण तेव्हा तो वाचणार कोण? १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला आणि मग अशा लेखांना वाचा फुटली. तोवर काही अक्षरं झिजून, फुटून गेली होती, ती कायमचीच. थोडक्यात, स्टोरेज टिकलं होतं, आउटपुट हरवलं होतं. नुसतं साठवून उपयोग नाही, वाचणारं यंत्र आणि वाचणारा माणूस दोन्ही जपावे लागतात.

रेल्वे आणि दुर्बीण

शेवटी एक ताजा प्रश्न, कारण हे सगळं पुस्तकी नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग नारायणगाववरून आखला होता. तो जीएमआरटीच्या जवळून जातो म्हणून अडला आणि रेल्वेने शिर्डीवरून पर्यायी मार्ग पुढे आणला. जुन्नर-आंबेगावात यावरून नाराजी आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. टोमॅटो, कांदा, भाजीपाला पिकवणाऱ्या भागाला रेल्वे मिळाली तर कोणाला नको? तेवढ्यासाठी पिढ्यान् पिढ्या एसटी आणि टेम्पोवरच राहायचं का, हा प्रश्न लोक विचारणारच.

दुसरी बाजू इनपुटची आहे. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की मोबाइल, ठिणगी उडवणारी इंजिनं, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्यापुढे प्रचंड ठरतो. विजेवरच्या रेल्वेत वरची तार आणि पँटोग्राफ यांच्यात ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी रेडिओ लहरी फेकते. ही जागा निवडताना आजूबाजूचा कमी गोंगाट हे मोठं कारण होतं. गोंगाट काही प्रमाणात सॉफ्टवेअरने गाळता येतो, पण जो सिग्नल त्यात बुडूनच गेला तो कोणताही प्रोसेसर परत आणू शकत नाही. न ढवळलेल्या दुधाचं सँपल आठवतंय ना?

दुर्बीण की रेल्वे असा वाद घालण्यापेक्षा गोंगाट किती, किती अंतरावर, कशाने कमी होईल हे मोजून, मराठीत, लोकांसमोर मांडणं हे काम कोणीतरी करायला हवं. ते काम इंजिनिअरचं आहे. म्हणजे उद्याचं तुमचं-आमचं. आउटपुट ज्याला हवंय त्याला कळेल अशा भाषेत ते दिलं नाही, तर तो शिलालेख न वाचताच पडून राहतो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण जवळून बघता येते. जमलं तर ग्रुप करून जरूर जा. मोबाइल तेवढा बंद ठेवा. तीस डिश कान देऊन ऐकत असतात!