गळाला काय लावावे?

"दर रविवारी नदीवर बसून तू करतोस तरी काय?" असा प्रश्न आमच्या एका प्राध्यापकांनी मला भर वर्गात विचारला. "सर, मासे धरतो," एवढेच मी म्हणालो आणि वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. "गळाला काय लावतोस?" असा त्यांचा दुसरा प्रश्न आला. त्याचे उत्तर देता देता तास संपला व उत्तर अर्धेच राहिले. ते पुरे करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मासे न खाणाऱ्या वाचकांनीही तो शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे. कारण शेवटी मी जे सांगणार आहे, त्याचा संबंध ताटाशी कमी आणि पाण्याशी अधिक आहे.

आमचे गाव कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या काठी आहे. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी नदीला मिळत असल्यामुळे भर उन्हाळ्यातही ती वाहती असते. गावाखाली नदी एक वळण घेते. तेथे एक खोल कोंड आहे. ह्या कोंडीवर माझ्या आजोबांनी उभा जन्म गळ टाकला. रोहू, कटला वगैरे खवलेदार मासळीच्या मागे ते फारसे लागले नाहीत. त्यांचा जीव मिशाळ माशांवर. मांगूर, शिंगी, शिंगाळा आणि शिवडा ही ह्या कुळातील आमच्याकडची मंडळी. ह्यांच्या अंगावर खवले नसतात, त्वचा गुळगुळीत असते आणि तोंडाभोवती मांजरासारख्या लांब मिशा असतात.

प्रथम माझी फजिती सांगतो. प्रथम वर्षात असताना मी कॉलेजातील चार मित्रांना मोठ्या ऐटीत गावी नेले. "रात्री मांगुराचे कालवण!" असे वचनही देऊन बसलो. मासे वासावर येतात हे मी ऐकून होतो. म्हणून गव्हाची कणीक साजूक तुपात मळली, साखर घातली आणि वर केकमध्ये घालतात तो व्हॅनिलाचा अर्क ओतला. गोळ्यांना असा सुगंध सुटला की एका मित्राने त्यातला एक खाऊनही पाहिला. संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत आम्ही पाच गळ टाकून बसलो. एकही दोर हलला नाही. मग आजोबा काठी टेकीत आले. त्यांना मोतीबिंदूमुळे तेव्हा धड दिसतही नव्हते. त्यांनी कनवटीची पुडी सोडली, त्यातला काळपट गोळा चाचपून गळाला लावला आणि तासाभरात दोन मांगूर काढले. वर मला म्हणाले, "तू तुझ्या जिभेला इचारून पीठ मळलंस. पाण्यातल्याला इचारलंस का?"

हे वाक्य मला लागले. त्यानंतर मी आजोबांना विचारू लागलो आणि त्यांना जे सांगता येत नव्हते, ते ग्रंथालयात शोधू लागलो. दोन्हीकडून जे हाती आले ते थोडक्यात असे.

मासा चाखतो कसा?

आपली रुची जिभेपुरती असते. मिशाळ माशाच्या रुचिकलिका तोंडात तर असतातच, पण मिशांवर, ओठांवर, परांवर आणि साऱ्या कातडीवरही पसरलेल्या असतात. अमेरिकेतील एका मिशाळ माशाच्या अंगावर त्या लाखाहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. आपल्या जिभेवर काही हजारच असतात. म्हणजे हा मासा ही पोहणारी जीभच होय! जॉन बार्डाक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा माशांची घ्राणेंद्रिये निकामी केली, तरीही ते केवळ चवीचा माग काढीत खाद्यापर्यंत पोहोचले. गढूळ पाण्यात, काळोख्या रात्री, बारीक डोळ्यांचा हा प्राणी पोट कसे भरतो, ह्याचे उत्तर येथे मिळते.

पण ह्या जिभेला कळते काय? जे पाण्यात विरघळते ते. मांस, रक्त, कोळंबी, गांडूळ ह्यांतून अमिनो आम्ले पाण्यात उतरतात. जॉन काप्रिओ ह्यांनी १९७५ साली दाखवून दिले की, मिशाळ माशांची रुचीची इंद्रिये ह्या आम्लांचा अत्यंत सूक्ष्म अंशही टिपतात. तूप व तेल पाण्यात विरघळत नाहीत. माझे तूप काही गोळ्यात अडकून राहिले, काही पाण्यावर तरंगत गेले. तळाशी बसलेल्या मांगुराला त्याची खबरच लागली नाही. सुगंध फक्त आम्हां पाचजणांना आला!

माशाचे कानही तिखट असतात. ह्या माशांमध्ये हवेची पिशवी व आतला कान ह्यांना जोडणारी चिमुकली हाडांची साखळी असते. वेबर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन १८२० साली केले. पुढे मधमाश्यांच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी तर एका दृष्टिहीन मिशाळ माशाला शिटीची ओळख करून दिली होती. खाणे देताना शिटी वाजवायची, असा क्रम काही दिवस चालविल्यावर तो मासा नुसत्या शिटीनेच बिळातून बाहेर येऊ लागला. हा वृत्तान्त त्यांनी १९२३ साली प्रसिद्ध केला. तेव्हा काठावर पाय आपटू नका, म्हणून आजोबा ओरडत ते उगाच नव्हे.

आमिषांची निवड

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सर्व माशांना चालेल असे एकच आमिष नाही. मासा कोणता, पाणी कसे आणि दिवस कोणते, हे पाहून ते ठरवावे लागते.

गांडूळ हे सर्वांत भरवशाचे. मांगूर, शिंगी, लहान शिंगाळा हे सारे त्याला येतात. पहिल्या पावसात शेतातली गांडुळे वाहून नदीत येतात, तेव्हा मासा त्यांचीच वाट पाहत असतो. गांडूळ ओल्या मातीत, सावलीत ठेवावे. गळात ओवताना त्याची शेपटी थोडी मोकळी सोडावी, म्हणजे ती वळवळत राहते. उन्हात पडून मेलेले, लिबलिबीत गांडूळ मात्र गळावर टिकत नाही.

आजोबांच्या पुडीतला काळपट गोळा म्हणजे जवळा. सुका जवळा भाजून, कुटून त्याची पूड करायची आणि कणकेत मिसळून घट्ट मळायची. पीठ गोळ्याला धरून ठेवते आणि जवळ्याचा अंश हळूहळू पाण्यात सुटत राहतो. तेल, तूप घालायचे नाही. गोळा फार सैल झाला तर लगेच विरघळतो, दगडासारखा झाला तर त्यातून काही सुटतच नाही. भाकरीच्या पिठाहून थोडा घट्ट, हे त्याचे माप.

कोंबडीची आतडी व काळीज ह्यांना मांगूर झटकन येतो. काळीज मऊ असल्यामुळे फेकतानाच गळून पडते. ते साध्या दोऱ्याने गळाला गुंडाळून बांधावे. पाण्यात काही वेळ राहिले की ते पांढरे पडते. त्यातले रक्त धुऊन गेले, आता त्यात माशाला बोलावण्यासारखे काही उरले नाही, असे समजावे व ते बदलावे. पुष्कळांची समजूत अशी की, आमिष जितके कुजके तितके चांगले. परंतु आपल्या नाकाला झोंबणारी दुर्गंधी आणि माशाला कळणारी चव ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुजलेले मांस गळावर राहत नाही, हा अनुभव तर कोणीही घेऊन पाहावा.

शिवड्याची गोष्ट निराळी. तो शिकारी. भले मोठे तोंड, बारीक दातांच्या रांगा आणि रात्रीचा संचार. त्याला कणकेचा गोळा दाखविणे म्हणजे वाघापुढे गवत टाकणे होय. त्याला मासाच लागतो. जुने लोक लहान जिवंत मासा पाठीत गळ घालून सोडत. मला ते करवत नाही. ताजा मेलेला मासा घेऊन त्याच्या अंगावर सुरीने दोन चिरा दिल्या की रस सुटतो आणि काम भागते. दातांमुळे दोर तुटू नये म्हणून गळाजवळ वीतभर तार मात्र लावावी.

आमिष ठेवावे कोठे?

निम्मे यश आमिषात, तर निम्मे जागेत. विरघळलेली चव प्रवाहाबरोबर खाली जाते व मासा तिचा माग काढीत वर येतो. म्हणून मासा जेथे बसतो असे वाटते, त्या कपारीच्या किंवा मुळांच्या थोडे वरच्या अंगाला गळ टाकावा. खालच्या अंगाला टाकलेला गळ म्हणजे मागील दारी ठेवलेले आमंत्रण. आमिष तळाला टेकेल एवढे शिसे बांधावे. तंबाखूच्या किंवा साबणाच्या हातांनी आमिषाला शिवू नये. आजोबा आधी नदीच्या चिखलाने हात चोळीत आणि मगच पुडी सोडीत.

मांगूर पहिल्या स्पर्शाला आमिष फक्त चाखतो. तेव्हाच हिसका दिला तर हाती रिकामा गळ येतो. दोर एका दिशेने सरळ ओढला जाऊ लागला की मगच काठी उचलावी. मासा काढताना त्याचे काटे सांभाळावेत. शिंगी आणि मांगूर ह्यांच्या बाजूच्या परांतील काट्यांत विष असते. शिंगीचा काटा लागला की माणूस रात्रभर तळमळतो. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरली तर वेदना कमी होतात. नंतर डॉक्टरांकडे जावेच.

पावसाळ्याच्या तोंडी, पहिल्या पुराबरोबर, हे मासे अंडी घालायला ओढ्यांतून व शेतांतून वर चढतात. आमच्याकडे ह्याला वलगण म्हणतात. त्या रात्री गाव कंदील, विजेऱ्या घेऊन बाहेर पडते. गळाची तेव्हा गरजच नसते, मासा हातानेही सापडतो. परंतु त्यातल्या पुष्कळ मासळ्यांच्या पोटात गाभोळी असते. आजोबा त्या आठवड्यात गळ वळचणीला खोचून ठेवीत व "माहेरवाशिणीला हात लावायचा नसतो" असे म्हणत. देशी मांगूर आज जगाच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे आणि शिवडा असुरक्षित जातींत. आजोबांना ही यादी ठाऊक नव्हती.

आणि पाणी?

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते सांगतो. गेली काही वर्षे कोंडीत मासा मिळण्यास फार वेळ लागू लागला. "मासा हाय, उसळताना ऐकू येतो. पन आमिषाशेजारून जातो नि थांबत नाय," असे आजोबा म्हणत. म्हातारपणाची तक्रार म्हणून आम्ही ती सोडून दिली. मग एके दिवशी वाचनात आले की, १९६५ साली त्याच बार्डाक ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशाळ मासे धुण्याची पावडर थोड्या प्रमाणात मिसळलेल्या पाण्यात ठेवले होते. मासे मेले नाहीत. पण त्यांच्या मिशांवरील रुचिकलिका झिजून गेल्या आणि जवळ असलेले खाणेही त्यांना नीट सापडेना.

पुस्तक मिटले आणि डोळ्यांसमोर आमचा घाट आला. कोंडीच्या जेमतेम पन्नास पावले वर, म्हणजे आजोबा जेथे आमिष टाकायला सांगत नेमके त्याच अंगाला, गावाचे धुणे होते. त्यात माझी आई होती, काकू होती आणि ज्यावर सांडलेली व्हॅनिला धुऊन काढली तो माझा सदराही होता. एका घाटाच्या धुण्याने नदी गेली, असे मी म्हणत नाही. वरच्या अंगाला गावे वाढली आहेत, वाड्या वाढल्या आहेत. परंतु त्या फेसातला आमच्या घराचा वाटा आमचाच होता.

घरी हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, "मग कपडे कुठं धुवायचे? तुझ्या वहीत?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पाण्याच्या कळशा डोक्यावरून तिलाच आणाव्या लागल्या असत्या. शेवटी सुट्टीच्या दिवशी पाणी मी आणायचे, ह्या अटीवर मागील दारी धुण्याचा दगड बसला. फेसाचे पाणी आता परसातल्या खड्ड्यात मुरते. शेजारच्या दोन घरांनीही तसेच केले आहे. बाकीचा घाट पूर्वीसारखाच गजबजलेला असतो.

आजोबा गेल्या माघात वारले. त्यांची पुडी आता माझ्या कनवटीला असते. परवा कोंडीवर एक मांगूर लागला, वीतभरच होता. हाती धरला तेव्हा त्याच्या आठही मिशा शाबूत दिसल्या. मी त्याला सोडून दिले.

सर, गळाला काय लावावे, हे मला आता थोडेफार सांगता येते. पण ते चाखण्याजोगी जीभ माशाला उरली पाहिजे, आणि ती राखण्याचे काम गळ टाकणाऱ्या एकट्याच्या हातचे नाही.

— तृतीय वर्ष, कला