विसावा हिस्सा आणि परवान्याचा कागद

धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरातील भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. आखातात आलेल्या आपल्या कुटुंबांनी हा विचार कमीअधिक प्रमाणात सोबत आणला आहे. गावच्या विहाराचे बांधकाम, भाच्याची अभियांत्रिकीची फी, सहा डिसेंबरचे अन्नदान, यांसाठी दुबई-शारजाहून पैसा जातच असतो. पेच निर्माण होतो तो मदतीची गरज शेजारच्याच इमारतीत उभी राहते तेव्हा.

अशा वेळी आपल्याकडून सर्वप्रथम काय घडते? कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश टाकतो, एका बांधवाचा खातेक्रमांक देतो आणि पन्नास-शंभर दिरहम पाठवण्याचे आवाहन करतो. हेतू निर्मळ असतो. परंतु संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यापुढे तो पुरेसा ठरत नाही. दुबईने २०१५ च्या ९ व्या हुकूमनाम्याने विनापरवाना निधिसंकलनास मनाई केली आणि २०२१ च्या संघीय कायद्याने देशभर हाच नियम कडक केला. देणग्या गोळा करण्याचा अधिकार परवानाधारक संस्थांनाच आहे. समाजमाध्यमावरील आवाहनही संकलनातच मोडते, आणि शिक्षा म्हणून तुरुंगवास किंवा लाखो दिरहमांचा दंड होऊ शकतो.

ही भीती केवळ कागदावरची नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात दुबईत एका परदेशी रहिवाशाला अटक झाली. काबूलजवळच्या छावणीतील विस्थापितांना थंडीपासून वाचवण्यासाठी ताडपत्र्या व ब्लँकेटे पुरवणाऱ्या, पण येथे नोंदणी नसलेल्या संस्थेचे आवाहन त्याने फेसबुकवर पुढे पाठवले होते. एवढ्यावरून त्याला सुमारे तीन आठवडे कोठडीत काढावे लागले. निर्वासितांविषयीची करुणासुद्धा येथे परवान्याच्या वाटेनेच चालावी लागते. हा नियम कठोर वाटेल. पण दानाच्या नावावर फसवणूक आणि अतिरेकी गटांना पैसा पुरवणे, हे दोन्ही या प्रदेशाने पाहिले आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता अडचणीत आलेल्या कुटुंबाकडे पाहू. पत्नीचा व मुलांचा निवासव्हिसा बहुधा कमावत्या माणसाच्या नोकरीवर अवलंबून असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीनंतर सारे कुटुंब एकाच वेळी बेकायदा ठरते. मुदतीबाहेरच्या वास्तव्याचा दंड माणशी दिवसाला ५० दिरहम. चौघांच्या कुटुंबाला म्हणजे दिवसाला २००, महिन्याला ६,०००. ज्या घरात पगारच थांबला आहे, तेथे हा आकडा कोठून भरणार? त्यातच घरभाड्याचे पुढील तारखांचे चेक घरमालकाकडे दिलेले असतात. जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नसल्याने चेक न वटणे हा बहुतांश बाबतींत फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, हे खरे. तरी वसुलीचा दावा लागतो आणि प्रवासबंदी येऊ शकते. मग मायदेशी परतण्याचा मार्गही बंद. फी थकल्याने मुले शाळेतून घरी बसतात, आणि दोन-तीन वर्षांनी जे उरते ते एका खोलीत दडून राहिलेले, कोणाच्याही नोंदीत नसलेले कुटुंब.

येथे आपल्या समाजाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. ज्यांच्या आजोबांनी हात पसरण्याची वृत्ती निश्चयाने टाकून दिली, त्यांच्या नातवंडांना मदत मागणे हा अपमान वाटतो. जयंतीच्या कार्यक्रमाला एखादे कुटुंब येईनासे झाले की ‘कामात असतील’ म्हणून आपण विषय सोडून देतो. ते कामात नसतात. येण्याचे भाडे आणि विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे, दोन्ही त्यांच्यापाशी नसतात.

म्हणूनच भारतीय दूतावासाकडील भारतीय समुदाय कल्याण निधीचे स्वरूप प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१७ मध्ये सुधारित नियम लाभलेल्या या निधीतून निराधार भारतीयाचा तात्पुरता निवास, परतीचे विमानभाडे, तातडीचे उपचार, कायदेशीर साहाय्य आणि पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च करता येतो. खासगी कर्जे मात्र तो फेडत नाही. हा निधी उभा राहतो कोठून? आपण पासपोर्टचे नूतनीकरण करतो तेव्हा शुल्काच्या पावतीत ८ दिरहमांची एक बारीक नोंद असते; ती याच निधीची. अर्थात तेथे जाणारा माणूस कोणाच्या दारी याचना करीत नाही, तो सर्वांनी मिळून साठवलेल्या पैशातला आपला वाटा मागतो. भीक आणि हक्क यांतील भेद आपल्याला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही.

दुबईतील प्रवासी भारतीय सहायता केंद्र हा या व्यवस्थेचा पहिला उंबरठा. २०१० मध्ये ते भारतीय कामगार संसाधन केंद्र या नावाने सुरू झाले. पगार थकणे, पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे, घरकामगार स्त्रीचा छळ, कर्जाचा तगादा, अशा तक्रारी तेथे ऐकल्या जातात आणि वकिलाचा सल्लाही मिळतो. ८०० ४६३४२ हा त्याचा निःशुल्क क्रमांक. शारजातील इंडियन असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थाही वाणिज्य दूतावासाशी समन्वय ठेवून काम करतात.

स्थानिक धर्मादाय संस्थांविषयी आपल्यात गैरसमज अधिक, माहिती कमी. एमिरेट्स रेड क्रिसेंट, दुबईतील दार अल बिर आणि बैत अल खैर, शारजा चॅरिटी इंटरनॅशनल या संस्था घरभाडे, उपचार, शालेय फी यांसाठी अर्ज स्वीकारतात. कर्जापायी कैदेत पडलेल्यांची सुटका करण्यासाठी फरज फंड आहे. ‘ती जकात, ती आपल्याला कशी मिळेल?’ असे अनेकजण विचारतात. जकातीचा विनियोग धर्मनियमांनी बांधलेला आहे. ऐच्छिक देणग्यांचा, म्हणजे सदक्याचा, हिशेब निराळा ठेवला जातो. तेव्हा अर्ज करण्यापूर्वीच नकार गृहीत धरू नये. मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी व मुलांसाठी २००७ मध्ये स्थापन झालेले दुबई फाउंडेशन फॉर विमेन अँड चिल्ड्रन आणि मानवी तस्करीच्या बळींसाठी अबुधाबीचे ‘इवा’ निवारागृह ही दारेही ठाऊक असावीत.

आपल्यापाशी निदान परतण्यासाठी देश आहे. ज्यांच्यापाशी तोही नाही, त्यांचे काय? अमिरातीने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. येथे आश्रयाचा अर्ज स्वीकारणारे न्यायालय वा खाते नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था तेवढी अर्ज नोंदवते आणि तिसऱ्या देशाची वाट शोधते. जून २०१८ मध्ये युद्धग्रस्त व आपद्ग्रस्त देशांच्या नागरिकांना एक वर्षाचा निवास देण्याचा निर्णय झाला; अनेक सीरियन व येमेनी कुटुंबांना त्याने श्वास घेता आला. ऑगस्ट २०२१ नंतर काबूलहून आणलेले हजारो अफगाण अबुधाबीच्या एमिरेट्स ह्युमॅनिटेरियन सिटीत उतरले. बहुतेकांना पुढे अन्य देशांत जागा मिळाली; मात्र मार्च २०२३ मध्ये ह्युमन राइट्स वॉचने २,४०० ते २,७०० जण तेथेच अडकून पडल्याचे नोंदवले. प्राण वाचले, पण फाटकाबाहेर पाऊल टाकता येईना.

भारतानेही त्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तरी विदर्भातल्या वाचकांना गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची तिबेटी वसाहत आठवेल. नवेगावबांधच्या परिसरात १९७० च्या दशकाच्या आरंभी वसलेली ही बौद्ध माणसे दर हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकताना आपण पाहिली आहेत. त्यांच्याशी भाव करताना ती कोण, कोठून आणि का आली, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले असेल?

पुन्हा आपल्या इमारतीकडे वळू. १ सप्टेंबर २०२४ पासून अमिरातीने माफीची मुदत जाहीर केली. दंड माफ, पुनःप्रवेशावर बंदी नाही, आणि येथेच जन्मलेल्या, कागदपत्रे नसलेल्या बालकांनाही संधी. मूळ दोन महिन्यांची ही मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेण्यात आली. अशी माफी २०१८ मध्येही आली होती. म्हणजे मध्ये सहा वर्षे गेली. पुढची केव्हा येईल याच्या भरवशावर कोणी दडून बसू नये, आणि आपणही कोणाला तसा सल्ला देऊ नये.

ओळखीच्या मुलाची फी स्वतःच्या खिशातून थेट शाळेत भरणे, घरचा डबा देणे, अरबी अर्ज लिहून घेण्यासाठी सोबत टायपिंग सेंटरला जाणे, ही कामे आणि गटावर वर्गणी मागणे यांत मोठे अंतर आहे. अनेकांकडून रक्कम उभी करायचीच असेल, तर प्रकरण घेऊन आधी परवानाधारक संस्थेकडे जावे आणि तिच्याच खात्यात देणगी भरून पावती घ्यावी. त्याआधी त्या कुटुंबाची पासपोर्टची प्रत, एमिरेट्स आयडी, भाडेकरार, नोकरीचा करार, थकीत पगाराचा तपशील आणि मुलांचे जन्मदाखले एका फाईलमध्ये लावून द्यावेत. कोठेही गेले तरी पहिल्या खिडकीवर हीच कागदपत्रे मागतात, आणि दडून राहणाऱ्या घरात नेमकी त्यांचीच शोधाशोध करावी लागते.